शेंगदाणा उजवीकडेच का वळतो?

भेळ खाता खाता कोणीतरी काहीतरी विनोदी बोलतं, तुम्ही खो खो हसता, आणि जो शेंगदाणा निमूटपणे पोटात जायचा तो भलत्याच वाटेला लागतो. लागला ठसका! डोळ्यांत पाणी, चेहरा लालबुंद, आणि आजी डोक्यावर थापट्या मारत म्हणते, "वर बघ, वर बघ, चिमणी बघ!" वर चिमणी कधीच नसते. तिचा आणि शेंगदाण्याचा काही संबंधही नाही. खरं काम खोकला करत असतो, आणि बहुतेक वेळा तोच जिंकतो.

आज मात्र आपण असा एक शेंगदाणा घेऊ, जो खोकल्यालाही दाद देत नाही. कागदावरचाच हं! त्याच्या मागोमाग आपल्याला आत उतरायचंय. तो जिथे अडकेल तिथे त्याला सोडून देऊ आणि हवेबरोबर पुढे जाऊ, कारण खरी गंमत तिथून पुढेच आहे.

पण सुरुवातीलाच एक भानगड आहे. आपल्या मानेत दोन नळ्या आहेत: पुढे श्वासनलिका, तिच्या मागे अन्ननलिका. आता बघा हं. नाकातून आलेली हवा घशात मागच्या बाजूनं उतरते, आणि तिला शिरायचं असतं पुढच्या नळीत. तोंडातला घास येतो पुढून, आणि त्याला जायचं असतं मागच्या नळीत. म्हणजे दोघांच्या वाटांची घशात फुली होणारच. शहाण्या माणसानं आखणी केली असती तर असा घोळ घातला नसता. पण शरीराची आखणी कोणी कागदावर करत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या माशांमध्ये अन्नाच्या नळीलाच एक पिशवी फुटली, तीच पुढे फुप्फुसं झाली. आईच्या पोटात तुम्ही चार आठवड्यांचे होतात तेव्हा तुमचंही तसंच झालं. अन्नाच्या नळीच्या पुढच्या बाजूला एक इवलासा कोंब आला, आणि त्याचीच पुढे श्वासनलिका आणि फुप्फुसं बनली. मूळचं नातं असं असल्यावर वाटा एकमेकींत येणारच!

डॉल्फिननं हा घोळ निस्तरलाय. दापोली-हर्णैच्या समुद्रात डॉल्फिन उसळी मारताना दिसतात ना, त्यांची नाकपुडी डोक्यावर असते. तिथून थेट फुप्फुसापर्यंत हवेची स्वतंत्र वाट. मासा गिळताना डॉल्फिनला ठसका लागायची भीती फारशी नाही. आपल्याला आहे.

म्हणून आपल्याकडे झाकणाची सोय आहे. गळ्यावर पुढून बोट ठेवा आणि आवंढा गिळा. आतलं टणक काहीतरी वर सरकलं ना? ते तुमचं स्वरयंत्र. गिळताना ते वर येतं, जिभेच्या मुळाशी असलेलं पानासारखं लवचीक झाकण त्याच्या तोंडावर पडतं, आवाजाच्या दोन पडद्या एकमेकींना चिकटतात, आणि घास वरून मागे सटकतो. तेवढ्यापुरता श्वास थांबतो. आवंढा गिळता गिळता श्वास घेऊन बघा. नाही जमत! दिवसातून शेकडो वेळा हे होतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. पण हसायला आणि बोलायला ते दार उघडंच लागतं. भेळ तोंडात असताना हसलात की दार उघडं सापडतं, आणि आपला शेंगदाणा आत.

आत श्वासनलिका. मोठ्या माणसात ती 10 ते 12 सेंटिमीटर लांब असते. गळ्यावरून बोट हळूच खाली नेलं तर कड्या कड्या लागतात. कुर्चेच्या अशा 16 ते 20 कड्या ही नळी उघडी धरून ठेवतात, नाहीतर श्वास घेताना ती चपटी झाली असती. गंमत म्हणजे एकही कडी पूर्ण गोल नाही. मागच्या बाजूनं त्या उघड्या असतात. तिथे अन्ननलिका टेकलेली असते, आणि मोठा घास उतरताना तिला फुगायला जागा नको का?

छातीच्या हाडामागे ही नळी दुभंगते. एक फाटा उजव्या फुप्फुसाकडे, एक डाव्या. या फाट्यांना श्वसनी म्हणतात. दोन्ही सारख्या असत्या तर शेंगदाण्याला छापा-काटा करावा लागला असता. पण डावीकडे हृदयानं जागा अडवलीय. त्यामुळे डावी श्वसनी त्याला वळसा घालून जाते. ती अरुंद, लांब आणि बरीच आडवी असते. डाव्या फुप्फुसाचे भागही दोनच, उजव्याचे तीन. उजवी श्वसनी रुंद, आखूड आणि जवळजवळ सरळ खाली उतरणारी. वरून पडणारी वस्तू कुठे जाईल? उजवीकडे! नेहमीच नाही, पण बहुतेकदा. म्हणून मुलानं काही गिळलंय आणि त्याचा खोकला थांबत नाही असं कोणी सांगितलं, की डॉक्टर उजवी बाजू फार लक्ष देऊन ऐकतात.

इथे आपला शेंगदाणा अडकला. मणी किंवा नाणं अडकणंही वाईटच, पण शेंगदाणा जास्त द्वाड. तो ओल शोषून मऊ होतो, फुगतो, त्याच्या तेलानं आतलं अस्तर सुजतं. वर तो एक्स-रेमध्ये दिसतही नाही! मग डॉक्टर ओळखतात कसे? श्वास घेताना नळ्या किंचित रुंद होतात, तेव्हा शेंगदाण्याच्या कडेनं हवा आत घुसते. श्वास सोडताना नळ्या आक्रसतात आणि वाट बंद होते. हवा आत जाते, पण बाहेर येत नाही. एका बाजूचं फुप्फुस जास्त फुगलेलं दिसलं की डॉक्टरांना चोराचा ठिकाणा कळतो.

1897 सालापर्यंत अशी अडकलेली वस्तू सरळ आत बघून काढायची युक्ती कोणालाच जमली नव्हती. त्या वर्षी जर्मनीतल्या फ्रायबुर्ग गावी गुस्ताफ किलियान या डॉक्टरांनी एका शेतकऱ्याच्या घशातून सरळ नळी आत घातली, उजेड पाडला आणि अडकलेलं हाड चिमट्यानं बाहेर ओढलं. कुठे अडकलं होतं ते? उजव्याच श्वसनीत!

त्यांच्यानंतर अमेरिकेत शेव्हॅलिए जॅक्सन नावाचे भारी डॉक्टर झाले. 1865 चा जन्म, 1958 मध्ये वारले. लोकांच्या श्वासनलिकेतून आणि अन्ननलिकेतून वस्तू काढण्यात त्यांनी अख्खं आयुष्य घालवलं. काढलेली वस्तू ते परत द्यायचे नाहीत. जपून ठेवायचे, कारण पुढच्या वेळी तशीच वस्तू अडकली तर ती कशी पकडायची याचा सराव करता येई. फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात त्यांचा हा खजिना आहे. कपाटाचे खण ओढायचे आणि बघायचं: बटणं, सेफ्टी पिना, नाणी, हाडं, खिळे, चिमुकली खेळणी. एकूण 2,374 वस्तू! त्यांत शाळेत एकही दिवस न बुडवल्याबद्दल मिळालेला एक बिल्लाही आहे. तो गिळल्यावर मात्र त्या मुलाची हजेरी नक्की चुकली असणार.

आता तुमच्या दप्तरातलं बॉलपेन काढा आणि टोपणाचं टोक बघा. तिथे बारीकसं भोक असेल. काही पेनांना नसतं, पण बऱ्याच पेनांना असतं. टोपण चावता चावता ते घशात गेलंच, तर त्या भोकातून थोडी तरी हवा आत-बाहेर व्हावी म्हणून ते ठेवलेलं असतं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. कोणीतरी टोपणं चावणाऱ्या मुलांचा इतका विचार केलाय हे मला फार आवडतं.

आणि हे मात्र गंमत बाजूला ठेवून. कोणाला ठसका लागलाय आणि तो जोरात खोकतोय, तर त्याला खोकू द्यायचं. पण खोकला थांबला, आवाजच फुटेना, हात गळ्याकडे गेले, तर एक क्षणही न दवडता मोठ्या माणसांना हाक मारायची. कितीही जोरानं श्वास सोडला तरी मोठ्या माणसाच्या फुप्फुसात सव्वा लिटरच्या आसपास हवा उरतेच. अमेरिकेतल्या हेन्री हाइमलिक यांनी 1974 मध्ये दाखवलं, की मागून मिठी घालून पोटाला वरच्या दिशेनं हिसका दिला तर फुप्फुसातली हवा जोरात वर येऊन अडकलेली वस्तू उडवू शकते. हे शिकलेल्यानंच करायचं, आणि मित्रावर सराव म्हणून अजिबात नाही.

शेंगदाणा इथेच राहू दे, डॉक्टर त्याला बघून घेतील. आपण हवेबरोबर पुढे निघू. या हवेला नाकानं आधीच गाळून, कोमट आणि ओलसर करून पाठवलंय, ते तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. तिथे बहुधा नसलेली गोष्ट सांगतो. दोन्ही नाकपुड्या एका वेळी सारखं काम करत नाहीत. एक जास्त उघडी असते, दुसरी थोडी मिटलेली, आणि काही तासांनी पाळी बदलते. स्टीलची थंड ताटली नाकाखाली धरून श्वास सोडा, वाफेचे दोन डाग पडतील. बहुतेक वेळा त्यातला एक मोठा असतो.

नाकातून निसटलेल्या धुळीचं काय? नळ्यांच्या आत चिकट द्रवाचा थर असतो, धूळ त्याला चिकटते. आणि खाली लाखो सूक्ष्म केस तो थर सतत वर, घशाकडे ढकलत असतात, सेकंदाला दहा-बारा वेळा वल्ह्यासारखे हलत. घशात आल्यावर आपण ते सगळं नकळत गिळून टाकतो. हो, आत्ताही गिळलंत. सिगारेटच्या धुरानं हे केस मंदावतात, म्हणून विड्या-सिगारेटी ओढणाऱ्यांचा सकाळचा खोकला तुम्हाला शेजारच्या घरातूनही ऐकू येतो.

आता पाटी-पेन्सिल घ्या. श्वासनलिका दुभंगली, झाले 2 फाटे. प्रत्येक फाटा पुन्हा दुभंगला, 4. मग 8, 16, 32. दहाव्या वेळी 1,024. स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ एवाल्ट वायबेल यांनी 1963 मध्ये हे मोजमाप पुस्तकात मांडलं, आणि त्यांच्या हिशेबानं असं साधारण 23 वेळा होतं. करा गुणाकार. उत्तर 83,88,608 आलं तर बरोबर! एवढ्या बारीक नळ्या तुमच्या छातीत आहेत. शेवटच्या नळ्यांना लगडलेले असतात वायुकोश, सुमारे 0.2 मिलिमीटरचे फुगे. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते 30 ते 50 कोटी. सगळे उघडून, सपाट करून पसरले तर किती जागा व्यापतील? साधारण 70 चौरस मीटर. एकेरी सामन्याचं अख्खं बॅडमिंटन कोर्ट!

इतक्या जागेची गरज काय? कारण इथे देवाणघेवाण होते. वायुकोशाची भिंत आणि तिला बिलगलेली रक्ताची केशवाहिनी, दोन्ही मिळून एका मायक्रोमीटरपेक्षाही पातळ. तुमच्या एका केसाच्या जाडीत अशा पन्नासेक भिंती सहज मावतील. ऑक्सिजन पलीकडे जातो, कार्बन डायऑक्साइड अलीकडे येतो. कोणी ढकलत नाही, जिकडे कमी तिकडे वायू आपणहून सरकतो. रक्तातली लाल पेशी या भिंतीपाशी पाऊण सेकंद थांबते, आणि त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच ऑक्सिजन भरून मोकळी होते. उरलेला अर्धा सेकंद कशाला? तुम्ही खो-खो खेळता तेव्हासाठी! तेव्हा रक्त इतकं जोरात धावतं, की थांबायला वेळच नसतो.

या फुग्यांची एक अडचण आहे. ते आतून ओले असतात, आणि ओल्या भिंती एकमेकींना चिकटायला बघतात. फुगा जितका लहान तितका तो मिटायची भीती जास्त. म्हणून वायुकोशांतल्या काही पेशी साबणासारखा गुळगुळीत पदार्थ बनवतात, आणि त्यामुळे फुगे मिटत नाहीत. पण हा पदार्थ बाळ आईच्या पोटात असताना अगदी शेवटच्या महिन्यांत पुरेसा तयार होतो. फार लवकर जन्मलेल्या बाळाकडे तो नसतो, आणि दर श्वासाला त्याला मिटलेले फुगे नव्यानं उघडावे लागतात. मेरी एलन एव्हरी या अमेरिकन डॉक्टरबाईंनी 1959 मध्ये हे कारण शोधलं. तरी उपाय हाती नव्हता. 1963 मध्ये खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं वेळेआधी जन्मलेलं बाळ याच त्रासानं दोन दिवसही जगलं नाही. 1980 मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून तो पदार्थ काढून अशा बाळांच्या श्वासनलिकेत सोडला, आणि बाळं तरली. आज आपल्याकडच्या मोठ्या इस्पितळांतही गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातलं हे औषध काचेच्या पेटीतल्या बाळांना देतात. कदाचित तुमच्या वर्गातलंही कोणीतरी त्यावर तरलं असेल.

एक सांगायचं राहिलं. फुप्फुसांना स्वतःचे फुगायचे स्नायू नाहीत! छातीच्या तळाशी घुमटासारखं श्वासपटल असतं. ते खाली ओढलं जातं, बरगड्या वर-बाहेर सरकतात, छातीत जागा होते, आणि जागा झाली की बाहेरची हवा आपणहून आत येते. हेच श्वासपटल मधूनच दचकलं आणि वरचं स्वरयंत्राचं दार फटकन मिटलं, की उचकी. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय म्हणतात. अमेरिकेतल्या आयोवाच्या चार्ल्स ऑसबोर्न यांना 1922 ते 1990 अशी 68 वर्षं उचकी लागली होती. त्यांची आठवण काढणारं माणूस फारच चिवट असलं पाहिजे.

आता नाक चिमटीत धरा आणि श्वास रोखा. अर्ध्या मिनिटानंतर आतून कोणीतरी ओरडायला लागेल: सोड! सोड! ऑक्सिजन संपला म्हणून? मुळीच नाही, रक्तात तो अजून भरपूर असतो. आपण आत घेतो त्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो, आणि बाहेर सोडतो तीत अजूनही 16 टक्के. ओरड असते साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडची. मेंदूचा मानेजवळचा भाग त्याच्यावर डोळा ठेवून असतो. थोडा वाढला की हुकूम सुटतो: घे श्वास! म्हणूनच विहिरीत सूर मारण्याआधी भराभर मोठे श्वास घेऊन 'दम भरणं' धोक्याचं आहे. त्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड घटतो. मग हुकूम सुटायला उशीर होतो, आणि त्याआधीच पाण्याखाली शुद्ध हरपू शकते. अट्टल पोहणारेही असे गेलेत.

कार्बन डायऑक्साइडची ही कामगिरी 1905 मध्ये ब्रिटनच्या जॉन स्कॉट हाल्डेन यांनी प्रिस्टली या सहकाऱ्याबरोबर दाखवून दिली. हे गृहस्थ खाणीत, गटारात, जिथे हवा वाईट तिथे स्वतः उतरायचे. खाणीत पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी न्यायचा सल्लाही त्यांचाच. विषारी वायू झाला की तो चिमुकला पक्षी माणसाच्या आधी डोलायला लागतो आणि मजूर सावध होतात. ब्रिटनमध्ये ही पद्धत 1986 पर्यंत चालली.

हाल्डेनसाहेब खाणीत आपल्या लहान मुलालाही घेऊन गेले होते. एका ठिकाणी त्यांनी त्याला उभं राहून शेक्सपिअरच्या नाटकातलं मार्क अँटनीचं भाषण म्हणायला सांगितलं. मुलगा म्हणू लागला, धापा टाकू लागला, आणि थोड्याच ओळींत पाय लटपटून जमिनीवर कोसळला. जमिनीजवळ हवा चांगली होती! तिथला मिथेन वायू हवेपेक्षा हलका, त्यामुळे तो छताशी साठलेला. मुलाला हा धडा जन्मभर लक्षात राहिला. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हाल्डेन नावाचा प्रसिद्ध शास्त्रज्ञ झाला, 1957 मध्ये भारतात राहायला आला, भारताचा नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला.

बापाची खोड मुलातही उतरली होती. पाणबुडीतल्या माणसांना कोंडलेल्या हवेत काय होतं हे कळावं म्हणून ते स्वतःला पोलादी टाकीत बंद करून हवेचा दाब वाढवून घ्यायचे. अशा प्रयोगांत कानाचा पडदा फाटतो. त्यावर त्यांनी लिहून ठेवलंय, की पडद्याला भोक राहिलं तर माणसाला थोडं कमी ऐकू येतं खरं, पण कानातून तंबाखूचा धूर सोडता येतो, आणि चारचौघांत ही कला चांगली खपते! धुराचं सोडून द्या, पण वाट मात्र खरी आहे. नाकाच्या मागून कानाच्या पडद्यामागे एक बारीक नळी जाते, श्वासाचीच हवा तिथेही पोचते. एसटी बोरघाट चढायला लागली की कानांत दडे बसतात ना, आणि आवंढा गिळला की टक्कन सुटतात? ती नळी तेव्हा उघडलेली असते.